मोठ्यांसाठी अद्भुत कादंबऱ्या सुचवा (ड्रॅगन चालेल, पण उगाच नको)

सांजवात

लेक सहावीत होती तेव्हा आम्ही दोघींनी हॅरी पॉटर वाचायला घेतलं. एक प्रकरण तिने मोठ्याने वाचायचं, एक मी. सातवं पुस्तक संपेपर्यंत ती दहावीला पोचली. यंदा ती शिकायला बाहेरगावी गेली आणि माझ्याकडे उरली ती रात्री साडेनऊला काहीतरी अद्भुत वाचायची सवय.

तिच्या कपाटातली बाकीची पुस्तकं काढून पाहिली. तीन वाचली. तिन्हींत सोळा वर्षांची मुलगी, तिच्यावर भाळलेले दोन मुलगे, आणि जग वाचवायला नियतीने नेमकी हिलाच निवडलेली. माझं वय ४७. मला आजवर फक्त निवडणुकीच्या ड्यूटीला निवडलंय.

तर मोठ्या माणसांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या सांगा. मोठ्यांसाठी म्हणजे पानोपानी मुंडकी उडतात आणि मध्येमध्ये बेडरूम, तसं नव्हे. ते टीव्हीवर नवऱ्याबरोबर पाहून झालंय. मला अशी माणसं हवीत ज्यांना घर चालवावं लागतं, ज्यांच्या हातून चुका होऊन गेल्यात, ज्यांचे गुडघे दुखतात. इंग्रजी चालेल, फार अवघड नको. रामायण-महाभारत नव्याने सांगितलेलं नको, ते भरपूर झालं. आणि लेखकाने अर्धवट सोडलेलं तर अजिबात नको. हात जोडते.

गिरमिट

मी पहिला!

'पिरानेसी', लेखिका सुझॅना क्लार्क, २०२०. डोळे मिटून घ्या (वाचताना उघडा). अडीचशेच्या आसपास पानं, एकच पुस्तक, पुढचा भाग नाही. एक माणूस एका अफाट घरात राहतो. दालनामागून दालन, भिंतीभिंतीला पुतळे, खालच्या मजल्यात समुद्र शिरलेला, वरच्या मजल्यात ढग. हा मासे पकडतो, भरती-ओहोटीची कोष्टकं मांडतो, तिथे सापडलेल्या हाडांची देखभाल करतो आणि रोजनिशी लिहितो. मंगळवारी आणि शुक्रवारी त्याला आणखी एक माणूस भेटतो. याहून जास्त सांगणं पाप आहे. मलपृष्ठसुद्धा वाचू नका.

या पुस्तकाला २०२१ चं विमेन्स प्राइझ मिळालं. ते 'फॅन्टसी'चं पारितोषिक नव्हे, बायकांनी इंग्रजीत लिहिलेल्या सगळ्या प्रकारच्या कादंबऱ्यांत मिळून देतात.

खिडकीजवळची_सीट

रुमाल टाकून ठेवते. स्वयंपाक उरकून सविस्तर लिहिते.

मेटलहेड

ब्रँडन सँडरसन! 'मिस्टबॉर्न', २००६. यातली जादू म्हणजे निव्वळ इंजिनिअरिंग आहे. धातू गिळायचे आणि पोटात 'जाळायचे'. पोलादाने धातूच्या वस्तू ढकलता येतात, लोखंडाने ओढता येतात, कथलाने डोळे-कान तीक्ष्ण होतात. आपल्यापेक्षा जड वस्तू ढकलली तर आपणच मागे उडतो, म्हणजे न्यूटनसुद्धा सांभाळलाय. पहिली त्रयी पूर्ण आहे. हा माणूस काहीच अर्धवट सोडत नाही, उलट दुसऱ्यांचं पूर्ण करतो.

सांजवात

@मेटलहेड, नायिका किती वर्षांची?

मेटलहेड

अं... सोळा.

सांजवात

😀

पेन्शनर_नं_१

परीकथांचं एक वय असतं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर माणसाने चरित्रं वाचावीत, इतिहास वाचावा. राक्षस आणि जादूगार यांत मोठ्यांनी वेळ का दवडावा, हे मला कळलेलं नाही. राग मानू नये.

ताकपोळी

काका, भिंत चालली आणि रेडा वेद बोलला हे आपण चरित्रातच वाचलं ना?

नाथषष्ठी

रेडा आमच्या पैठणचा. हक्क राखीव.

खिडकीजवळची_सीट

आले. चहा घेऊन बसा, मोठं लिहिणार आहे.

सांजवात, तुम्ही जे मागताय ते नेमकं एका बाईने लिहून ठेवलंय, पण तिथवर पोचायला तीन पुस्तकं चढून जावं लागतं. अर्सुला ले ग्विनची 'अर्थसी' मालिका. पहिलं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ सालचं. प्रकाशकाने मोठ्या मुलांसाठी काहीतरी मागितलं म्हणून लिहिलेलं. गाँट नावाच्या बेटावर शेळ्या राखणारा एक पोर, गेड, रोक बेटावरच्या जादूगारांच्या शाळेत जातो (हो, शाळा, हॅरीच्या एकोणतीस वर्षं आधी) आणि वर्गमित्रापुढे टेंभा मिरवायला म्हणून नको ती शक्ती बाहेर सोडतो. पुढचं सगळं पुस्तक त्या एका चुकीमागे फिरतं.

तिथली जादू नावांवर चालते. प्रत्येक वस्तूला, माणसाला एक खरं नाव, ते ज्याला ठाऊक त्याचा तिच्यावर ताबा. म्हणून खरं नाव लोक फक्त अगदी जिवाभावाच्या माणसाला सांगतात. हे वाचताना मला परकं वाटलंच नाही. आमच्या आजोळी रात्री सापाचं नाव घेत नसत, 'लांबडं' म्हणत. आजीने आजोबांचं नाव उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही. नावात काहीतरी असतं हे आपल्याला शिकवावं लागत नाही. आणखी एक, गेड तांबूस-तपकिरी कातडीचा आहे, त्याचा मित्र काळा. कित्येक मुखपृष्ठांवर तरीही त्याला गोरा करून टाकला आणि ले ग्विन त्यावर आयुष्यभर भांडली.

दुसरं पुस्तक तेनार नावाच्या मुलीचं, अंधाऱ्या थडग्यांची पुजारीण म्हणून लहानपणीच उचलून नेलेली. तिसरं १९७२ चं. सगळ्यांना वाटलं, संपलं.

मग अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, ले ग्विनने 'तेहानू' लिहिलं. आता तेनार मध्यमवयीन आहे. शेतकऱ्याची विधवा, मुलं मोठी होऊन पांगलेली. घरात एक पोर आणून ठेवलीय, जिला तिच्याच माणसांनी आगीत ढकललं होतं. आणि गेड परत येतो तो सगळी शक्ती गमावून. जगातला सर्वांत मोठा जादूगार, आता शेळ्यासुद्धा बेताच्याच राखता येतात. जादू संपल्यावर माणसाने सकाळी उठून करायचं काय, या एका प्रश्नावर आख्खी कादंबरी. हिला नेब्युला (विज्ञानकथा-फॅन्टसीचं मोठं पारितोषिक) मिळालं. त्याच वेळी जुने वाचक चिडलेसुद्धा, आमचा हिरो भांडी का घासतोय म्हणून.

तुमचे गुडघे यात आहेत. पण पहिली तीन वाचल्याशिवाय चौथ्याला हात लावू नका, नाहीतर गेडने काय गमावलं ते कळणार नाही. सगळी लहान लहान आहेत.

गिरमिट

दंडवत. 'तेहानू' मी विशीत वाचलं होतं आणि कंटाळलो होतो. आता पुन्हा काढतो.

शब्दकोडे

अवांतर: 'फॅन्टसी'ला मराठीत नक्की काय म्हणायचं? कल्पनारम्य म्हटलं की दिवाळी अंकातली प्रेमकथा वाटते. अद्भुतरम्य जुनं आहे, १८६० च्या दशकातल्या 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांना समीक्षक तेच म्हणतात. अद्भुतिका म्हटलं की छोटी, परकर-पोलक्यातली वाटते.

ताकपोळी

सरळ 'अद्भुत कादंबरी' म्हणा. नऊ रसांत अद्भुत आधीपासून आहे, स्थायीभाव विस्मय. राखीव जागा असताना वेटिंगवर कशाला?

मेटलहेड

रच्याकने (बाय द वे), आम्ही फॅन्टसीच म्हणतो आणि सगळ्यांना कळतं.

तेरणाकाठ

मी सहसा नुसता वाचतो, लिहीत नाही. पण एक नाव इथे यायलाच पाहिजे.

'द फिफ्थ सीझन', एन. के. जेमिसिन, २०१५. त्रयीतलं पहिलं. तिन्ही पुस्तकांना ओळीने तीन वर्षं, २०१६, १७, १८, ह्यूगो (नेब्युलासारखंच मोठं पारितोषिक) मिळालं. असं त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं. एक भूखंड आहे, त्याचं नाव 'स्टिलनेस', म्हणजे स्थिर, आणि तीच थट्टा, कारण ती जमीन कधीच स्थिर नसते. दर काही शतकांनी मोठा उत्पात होतो, राख पडते, पिकं जातात, माणसं मरतात. काही लोकांना भूकंप थोपवायची जन्मजात शक्ती आहे. या लोकांवाचून कुणाचं चालत नाही आणि म्हणूनच सगळे त्यांना घाबरतात, गुलामासारखं राबवतात, गावाला कळलं की ठेचून मारतात. गोष्ट सुरू होते तेव्हा एक बाई घरी येते आणि तिच्या लहानग्याला त्याच्या बापानेच मारलेलं असतं. पोरात ती शक्ती आहे हे त्याला कळलेलं असतं.

मी किल्लारीच्या बाजूचा आहे. १९९३ ला चौथीत होतो. विसर्जन करून सगळे दमून झोपले होते, पहाटे चारच्या आत जमीन हलली. आमच्याकडे घरं दगडमातीची, हात-दोन हात जाड भिंती, वर माळवद. उन्हाळ्यात गार म्हणून ज्याचं कौतुक करायचो तेच अंगावर आलं. नंतर कित्येक महिने आम्ही पत्र्याखाली झोपायचो. आजी शेवटपर्यंत स्लॅबखाली झोपली नाही. आणि लोक एकमेकांना सांगायचे, जमिनीतून आवाज कसा येतो, जनावरं आधी कशी बिथरतात, काय करायचं, काय नाही. जेमिसिनच्या पुस्तकात त्या लोकांचे असेच पिढ्यान्‌पिढ्यांचे नियम आहेत, दगडावर कोरलेले. धान्य कुठे साठवायचं, दाराशी कुणाला उभं करायचं, कुणाला हाकलायचं. ते वाचताना मला पुस्तक दोनदा खाली ठेवावं लागलं.

त्या बाईची गोष्ट 'यू' असं म्हणून सांगितलीय. तुला सांगतेय, तुझंच हे चाललंय, असं. मी बरेच दिवस विचार करत होतो, मराठीत आणायचं तर तिला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही'? 'तू' म्हटलं तर आई बोलतेय असं वाटतं. 'तुम्ही' म्हटलं की तहसीलदार.

इंग्रजी थोडं नेट लावून वाचावं लागतं. पहिली पन्नास पानं काहीच कळत नाही, सोडू नका.

सांजवात

@तेरणाकाठ, यावर काय लिहू कळेना. वाचणार, पण हिवाळ्यात, सुट्टी काढून. लिहीत जा हो.

शब्दकोडे

'तू' की 'तुम्ही' यावर वेगळा धागा निघेल. माझं मत 'तू'ला.

ताकपोळी

वातावरण जड झालंय, थोडं हसू या. टेरी प्रॅचेट. 'डिस्कवर्ल्ड' नावाच्या सपाट जगाच्या ४१ कादंबऱ्या, १९८३ ते २०१५. घाबरू नका, सगळ्या वाचायच्या नसतात आणि ओळीनेही वाचायच्या नसतात. सुरुवात पहिल्यापासून तर मुळीच करू नका. पहिल्या दोन म्हणजे नुसती टिंगल आहे, माणूस अजून हात बसवत होता.

'स्मॉल गॉड्स' घ्या, १९९२. एका बलाढ्य देवाला पृथ्वीवर यायचंय, महावृषभ वगैरे रूपात. येतो तो कासव होऊन. कारण त्याच्या नावाने एवढं मोठं साम्राज्य चाललंय, देवळं आहेत, चौकशा आहेत, छळ आहेत, पण त्याला मनापासून मानणारा आता एकच माणूस उरलाय. ब्रूथा नावाचा एक साधा, निरक्षर पोरगा, जो काहीच विसरू शकत नाही. देव जितका मानला जातो तेवढाच मोठा असतो. लोक देवळाला मानायला लागले आणि देव लहान होत गेला. हे सगळं कासवाच्या तोंडून, आणि कासव अत्यंत शिवराळ. आपल्याकडे कुठल्या देवस्थानाला हे लागू पडतं ते ज्याने त्याने आपापल्या जबाबदारीवर ठरवावं.

पण सांजवातबाईंच्या अटीत बसणारं म्हणजे 'नाइट वॉच', २००२. सॅम व्हाइम्स हा पोलीस अधिकारी, बायकोचे दिवस भरलेत, आणि हा पडतो तीस वर्षं मागे, स्वतःच्याच तरुणपणी. तिथे एक नवखा शिपाई आहे, त्याला काम शिकवायचंय. तो शिपाई म्हणजे तोच. आपल्याच पोरवयीन स्वतःला समोर बघून काय वाटेल? मला चाळिशीनंतर ते पुस्तक हसवेनासंच झालं. त्याआधी पहारेकऱ्यांचं एखादं वाचलेलं बरं, म्हणजे 'गार्ड्स! गार्ड्स!'. ड्रॅगन आहे, आणि उगाच नाही.

आठ_बत्तीसची_लोकल

सगळे बाजूला व्हा, जॉर्ज आर. आर. मार्टिनचं 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' कुणीच कसं सुचवलं नाही? टीव्हीवर 'गेम ऑफ थ्रोन्स' म्हणून पाहिलं ते सोडा, पुस्तकं वेगळीच चीज आहे.

गिरमिट

कारण पाचवं पुस्तक २०११ ला आलं आणि सहाव्याची वाट बघताना आमच्या इमारतीचं रीडेव्हलपमेंट पूर्ण झालं.

आठ_बत्तीसची_लोकल

वाट बघण्यातही मजा असते.

गिरमिट

हे वाक्य मी बिल्डरच्या ऑफिसातही ऐकलंय.

खिडकीजवळची_सीट

पॅट्रिक रोथफसही त्याच रांगेत. 'द नेम ऑफ द विंड' २००७, दुसरं २०११, तिसरं नाही. गद्य मात्र लोण्यासारखं आहे त्याचं, म्हणूनच राग जास्त. रॉबर्ट जॉर्डन तर 'व्हील ऑफ टाइम' पुरी व्हायच्या आत २००७ मध्ये गेला. त्याच्या टिपणांवरून शेवटची तीन पुस्तकं सँडरसनने लिहिली, चौदावं २०१३ ला आलं. मेटलहेडने वर म्हटलं ते 'दुसऱ्यांचं पूर्ण करतो' ते हेच. चौदा पुस्तकं मात्र सांजवातबाईंना सांगणार नाही. मधली चार-पाच म्हणजे कसारा घाटात बंद पडलेली गाडी.

त्यापेक्षा रॉबिन हॉब. 'असॅसिन्स अप्रेंटिस', १९९५ पासून. राजपुत्राचा अनौरस मुलगा फिट्झ, ज्याला राजघराणं गुपचूप मारेकरी म्हणून वाढवतं. त्याला जनावरांच्या मनाशी बोलता येतं आणि त्या जगात ही अत्यंत लाजिरवाणी गोष्ट समजतात. त्रयी पूर्ण आहे. पुढे आणखी त्रयी आहेत, त्यांत तो आपल्याबरोबर म्हातारा होत जातो. लांडग्याची जी मैत्री रंगवलीय ती कुत्रं पाळलेल्या माणसाने एकट्याने वाचू नये, शेजारी कुणीतरी असू द्यावं.

हापूस_नको_पायरी

टोरांटोहून लिहितेय, उशीर झाला.

आमच्या कॅनडाचे गाय गॅव्हरिएल के. तरुणपणी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्किनच्या मुलाबरोबर बापाच्या 'सिल्मरिलियन'च्या हस्तलिखितांवर बसलेला माणूस. त्याची 'टिगाना', १९९०, एकच जाडजूड पुस्तक, स्वतंत्र.

लढाईत एका जादूगार राजाचा मुलगा मारला जातो. राजा जिंकतो आणि सूड घेतो तो असा, की ज्या प्रांताने मुलाला मारलं त्या प्रांताचं नावच पुसून टाकतो. टिगाना. तिथे जन्मलेल्यांनाच तो शब्द ऐकू येतो. बाकी कुणापुढे कितीही ओरडून म्हणा, समोरच्याच्या कानात काही शिरतच नाही. तिथे जन्मलेली शेवटची माणसं मेली की नावही मेलं. आणि तो राजा राक्षस नाही. कलाप्रेमी आहे, मुलाच्या दुःखाने पोळलेला आहे. त्याला मारायला त्याच प्रांतातली एक बाई ओळख लपवून त्याच्या जनानखान्यात शिरते आणि बारा वर्षांत तिचा जीव त्याच्यावर जडतो. आता काय करायचं? त्या पुस्तकात धड चूक कुणीच नाही, हेच भयंकर आहे.

मी सतरा वर्षं इथे आहे. माझं आडनाव ऑफिसात कुणाला ऐकूच येत नाही, 'काहीतरी-कर' एवढंच पोचतं. मुलाला पंढरपूर म्हणता येतं, पण त्याच्या मुलाला येईल का माहीत नाही. कोणी शाप दिलेला नाही, आपण आपणच आलो. तरी त्या पुस्तकाने मला जे केलं ते केलं.

पेन्शनर_नं_१

हे बरं वाटतंय ऐकायला. पण जादू काढून टाकली तर उत्तम ऐतिहासिक कादंबरी झाली असती.

हापूस_नको_पायरी

काका, जादू काढली तर नाव पुसणार कसं? शाळेच्या पुस्तकातून काढलेलं नाव लोक घरात म्हणत राहतात. इथे घरातसुद्धा म्हणता येतं आणि तरी पोचत नाही. ते जादूनेच दाखवता येतं.

खिडकीजवळची_सीट

@पेन्शनर काका, तुमच्यासाठी वेगळं औषध आहे. याच सुझॅना क्लार्कची पहिली कादंबरी, 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल', २००४. नेपोलियनशी युद्ध चालू असतानाचं इंग्लंड. यॉर्कमध्ये विद्वान जादूगारांची सभा भरते, पण त्यांतला एकही जादू करत नाही. ते जादूचा इतिहास अभ्यासतात, निबंध वाचतात, एकमेकांचे मुद्दे खोडतात. मग एक खडूस माणूस येतो ज्याला खरंच जादू येते, आणि त्याचं पहिलं काम काय, तर बाकीच्यांना जादूगार म्हणवून घ्यायला बंदी. आठशेच्या घरात पानं, आणि तळटीपा! अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांचे दाखले देणाऱ्या, दोन-दोन पानं चालणाऱ्या तळटीपा. पुण्याच्या कुठल्याही व्याख्यानमालेला गेलेल्या माणसाला हे घरचंच वाटेल.

पेन्शनर_नं_१

तळटीपा आहेत म्हणता? बघतो.

आठ_बत्तीसची_लोकल

मराठीत काहीच नाही का मग? सगळं बाहेरचंच?

शब्दकोडे

भाषांतरं आहेत. टोल्किनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मुग्धा कर्णिकांनी 'स्वामी मुद्रिकांचा' म्हणून आणलंय. हे नाव मला मूळ नावाहून आवडतं. त्याच्या कितीतरी आधी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी आणल्या, म्हणून आपण आजही थाप मारणाऱ्याला 'सुरस आणि चमत्कारिक' म्हणतो. नंतर गौरी देशपांडेंनी बर्टनच्या अरेबियन नाइट्सचे सोळा खंड मराठीत केले. मोठ्यांसाठीच, बरं का. ते लहानांच्या हाती देऊ नका.

स्वतंत्र म्हणाल तर नारायण धारप. लोक त्यांना भुताखेतांत टाकतात. 'तुंबाड' सिनेमा आल्यावर नव्या पिढीने त्यांचं नाव ऐकलं. पण माझ्या मते खरी अद्भुत सृष्टी जीएंची. 'रमलखुणा', १९७५. त्यात दोनच दीर्घकथा, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. कुठल्याच नकाशावर नसलेला मुलूख, कुठल्याच पंचांगात नसलेला काळ. मराठीतल्या कुणी त्या रस्त्याने पुढे पाच-सातशे पानं चालून दाखवायला हवं होतं. नाही चाललं. सगळे ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबऱ्यांच्या हमरस्त्याने गेले.

ताकपोळी

कारण आपल्याला जादूगार नवा लागत नाही. राजा तोच, राणी तीच, फक्त पानं वाढवा. (हलके घ्या.)

नाथषष्ठी

आता माझी पाळी. रेड्याच्या गावाहून.

मराठीत नाही म्हणू नका, फक्त आपण ते जाळलंय. सोमदेवाचा 'कथासरित्सागर' अकराव्या शतकातला, काश्मिरातला. पण त्यात जी मुळाची गोष्ट सांगितलीय ती सातवाहन राजाची, म्हणजे प्रतिष्ठानची, म्हणजे आमच्या पैठणची. राजा राण्यांबरोबर पाण्यात खेळत होता. एक राणी दमून म्हणाली, 'मोदकैः', म्हणजे मा उदकैः, पाणी नका मारू. राजाचं संस्कृत कच्चं. त्याने मोदक मागवले. राणी हसली. राजा खट्टू होऊन अंथरुणाला खिळला, आता संस्कृत शिकल्याशिवाय तोंड दाखवणार नाही म्हणाला. गुणाढ्य हा मंत्री म्हणाला, सहा वर्षं लागतील. दुसरा म्हणाला, सहा महिने. गुणाढ्याने पैज लावली, सहा महिन्यांत झालं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडतो. आणि हरला.

मग तो विंध्याच्या रानात गेला, पिशाचांची पैशाची भाषा शिकला आणि त्या भाषेत सात लाख श्लोकांची 'बृहत्कथा' लिहिली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने. राजाकडे पाठवली. राजा म्हणाला, पिशाचांची भाषा, रक्ताची अक्षरं, शी. तेव्हा गुणाढ्याने टेकडीवर आग पेटवली. एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि आगीत टाकायचं. ऐकायला रानातली जनावरं. हरणं, डुकरं, सगळी चरणं सोडून रडत ऐकत बसली. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, मांस सुकं खाल्लं. आचारी म्हणाले, शिकारीच तसं आणतात. शिकारी म्हणाले, रानात एक माणूस गोष्ट वाचतोय आणि जनावरं खात नाहीत. राजा धावत गेला, तोवर सहा लाख जळले होते. एक लाख उरले.

वाचणारा कसा असावा हे मला त्या डुकरांनी शिकवलं. आणि राजा कसा असतो हेही. बृहत्कथेचं मूळ आज कुठेच नाही, आहेत ती इतरांनी पुन्हा सांगितलेली रूपं. तेव्हा पेन्शनर काका, गोष्टीला हलकं म्हणण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे.

पेन्शनर_नं_१

काढला वचपा. मान्य.

मेटलहेड

मोदकांवरून एवढं? हे नेटफ्लिक्सवर का नाही?

संत्रानगरी

हिंदी-उर्दूचंही एक नाव जोडते. 'तिलिस्म-ए-होशरुबा', अमीर हमजाच्या दास्तानीतलं. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून काढलं. हमजाची दास्तान एकूण ४६ खंड! जादूगार बादशहा अफ्रासियाब आणि त्याच्याविरुद्ध अमर अय्यार (अय्यार म्हणजे वेष पालटणारा चलाख हेर), ज्याच्या झोळीत आख्खी दुनिया मावते. मुशर्रफ अली फारुकींचं इंग्रजी भाषांतर, 'होशरुबा', २००९, पहिला खंड. 'चंद्रकांता'तले अय्यार याच कुळातले. माझ्या वडिलांनी त्या मालिकेपायी रविवारी सकाळी दाढी करणं सोडलं होतं.

आणि अगदी अलीकडचं, श्रीलंकेच्या वज्र चंद्रशेखर यांचं 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स', २०२३, नेब्युलाविजेतं. आई मुलाला वाढवते ती एकाच कामासाठी, बापाला मारायला. बाप कोण, तर संत. मुलगा मोठा होतो, शहरात जातो आणि 'निवडलेल्या पण वाया गेलेल्या' लोकांच्या आधारगटात जाऊन बसतो. सांजवातबाई, तुमच्या निवडणूक ड्यूटीवाल्या वाक्यावरून हेच आठवलं.

आठ_बत्तीसची_लोकल

मिळतात कुठे ही? नव्या प्रती महाग आहेत.

गिरमिट

मुंबईत माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर आणि फोर्टात हुतात्मा चौकाच्या आसपास. प्रॅचेट हमखास मिळतो, बाकी नशीब. पुण्यात अप्पा बळवंत चौकात विचारलंत तर नवनीत देतील. ई-बुक सेलवर लक्ष ठेवा.

सांजवात

दीड महिन्याने येतेय. हिशोब द्यायचा आहे.

'पिरानेसी' पाच रात्रींत संपलं. मलपृष्ठ वाचलं नाही, गिरमिट, शपथ. तो माणूस घराशी ज्या आदबीने वागतो ते पाहून दुसऱ्या दिवशी मी आमच्या गॅलरीतल्या कबुतरांना शिव्या दिल्या नाहीत. एकच दिवस.

मग अर्थसी ओळीने. तिसरं थोडं ओढलं. 'तेहानू' मोठ्याने वाचलं, स्वयंपाकघरात, कारण सवय. एका जागी तेनारचा मोठा झालेला मुलगा घरी येतो आणि ताट तसंच टाकून उठतो. ती काही बोलत नाही, मनात म्हणते, वाढवण्यात माझंच चुकलं. मी वाचायची थांबले. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भाताची पेज झाली. आमच्या मांजराने मात्र खाणं सोडलं नाही, त्यामुळे नाथषष्ठींच्या कसोटीला मी उतरले असं म्हणवत नाही.

त्या रात्री लेकीला फोन करून ते पान वाचून दाखवलं. ती म्हणाली, आई, पुढे? आता रोज साडेनऊला फोनवर एक प्रकरण मी, एक ती. प्रत तिने तिकडे घेतलीय.

नवऱ्याला 'नाइट वॉच' दिलंय. अजून हसतोय, म्हणजे मधे पोचला नसावा.

पेन्शनर_नं_१

जोनाथन स्ट्रेंज निम्मं झालं. आधी सगळ्या तळटीपा वाचून काढल्या, आता मूळ मजकूर घेतलाय. एका तळटीपेतल्या ग्रंथाची चौकशी मी ग्रंथालयात केली. बाईंनी दोन दिवस शोधला. खिडकीजवळची_सीट, तुम्ही तो अस्तित्वात नसतो हे अधिक ठळक लिहायला हवं होतं.

सांजवात

😀😀 'टिगाना' कुणाकडे आहे का नाशिकच्या आसपास? महिनाभरात परत करते. पोस्टाने पाठवलीत तर जाण्यायेण्याचा खर्च माझा.

तेरणाकाठ

माझ्याकडे आहे. पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा. पान ३०० च्या आसपास चहाचा डाग आहे, तेवढा चालवून घ्या.